उपास धरणारा चार्जर

खोपोलीच्या रज्जाक वायरमनला एकच घमेंड होती: तीस वर्षांत त्याची फिटिंग कुणी उखडली नव्हती. ती पणाला लागली सरोजिनीबाईंच्या चार्जरमुळे. सातवीत त्याला विज्ञानात ज्यांनी नापास केलं, त्याच ह्या बाई.

निवृत्तीनंतर बाई खालापुरात राहायला आल्या आणि त्यांनी विजेची गाडी घेतली. चार्जरची वायर रज्जाकनंच ओढली. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, वर झाकण बसवून अर्थिंगही केलं. तरी चार्जर मधूनच लाल दिवा लावून रुसायचा. दुसऱ्या दिवशी रज्जाक पोचेपर्यंत हिरवा! कंपनीवाल्यानं फोनवरच निकाल दिला, "वायरिंग बोगस. सोमवारी माणूस येऊन सगळं उपटेल." न बघता! असल्या शहाण्यांचा मला भारी राग येतो.

रोजे चालू होते. रज्जाकला इफ्तारचा खजूरही गोड लागेना. रविवारी सकाळीच तो बाईंकडे येऊन बसला. दिवा लाल. बाईंनी बिघाडाच्या तारखा वहीत टिपल्या होत्या, त्या त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. रविवार, एकादशी, रविवार, रविवार, एकादशी.

"बाई, चार्जर उपास धरतोय."

"चावटपणा पुरे."

"खरंच. अर्थिंगचा खड्डा कुठं हाय? दिसत नाय."

"ते झाकण कळकट दिसायचं. त्यावर तुळशीची कुंडी ठेवली."

"आन् पाणी?"

"रोज कळशीभर. रविवारी आणि एकादशीला नाही. तुळशीचा निर्जळी उपास असतो."

रज्जाकनं कुंडीपाशी जाऊन खालची माती चाचपली. कुंडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर खड्डा ओला राहत होता. तुळशीचा उपास पडला की मार्चातली जमीन खडखडीत, अर्थिंग निकामी आणि अर्थिंगशिवाय न चालणारा चार्जर बंद. वायर निर्दोष होती! त्याला रडूच फुटलं.

"कुंडी उचलू, बाई?"

"आज तुळस हलवायची नाही."

मग त्यानं झाकणाच्या फटीत रबरी नळी सारली आणि तुळशीला थेंबही न लावता खड्ड्यात बादलीभर पाणी सोडलं. त्याच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला.

"तू निर्जळी, तुळस निर्जळी," बाई म्हणाल्या, "पाणी प्यायला तेवढा हा चार्जर!"

सोमवारी कंपनीचा माणूस पक्कड घेऊन आला आणि चार्जरपाशीच थबकला. तिथं बाईंनी लाल शाईत लिहिलेला कागद चिकटवला होता: "विज्ञान – रज्जाक उत्तीर्ण. हात लावू नये."