रविवारच्या सत्तावीस नोंदी

"रविवारी ऑफिस कोणी उघडलं होतं?" सामंत साहेबांनी मंगळवारी आल्या आल्या विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी प्रिंटआउट माझ्यापुढे टाकलं. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद टेबलावरून घसरत माझ्या पायाशी आला. एकाखाली एक सत्तावीस नोंदी, आणि प्रत्येकीपुढे रविवारची तारीख.

"मग ह्या काय भुतानं केल्या?"

मी तेव्हा एका विद्यापीठात अभिलेखपाल होते, म्हणजे जुनं दप्तर सांभाळणारी. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईत जागा पुरेना म्हणून आमचं दप्तर मीरा रोडला, एका नव्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हलवलं होतं. पदवीच्या जुन्या रजिस्टरांमधली नावं कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललं होतं. त्यासाठी डिप्लोमा करणाऱ्या दोन मुली दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. आज इंटर्न म्हणतात, आम्ही ट्रेनी म्हणायचो. नया नगरची शबाना रजिस्टर वाचायची, जवळच्या तारोडी गावची रोझलिन टाइप करायची. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि टाइप करणारीची आद्याक्षरं आपोआप पडायची. ह्या सत्तावीस नोंदींपुढे रोझलिनचीच होती.

साहेब आमचे उपकुलसचिव, आणि त्यांची धास्ती अगदीच खोटी नव्हती. बंद ऑफिसात बसून कोणी एखादं नाव घुसडलं, की तो माणूस फुकटात बी.ए. होणार. म्हणून ऑफिसच्या वेळेबाहेर एकही नोंद करायची नाही, असा नियम होता.

मी आधी वॉचमनला गाठलं. किल्ली त्याच्याकडेच असायची.

"संडे को? चिड़िया भी नहीं आयी, मॅडम," तो म्हणाला. किल्लीच्या वहीतही काही नव्हतं.

मग रोझलिनला बोलावलं.

"रविवारी मी चर्चमधी मिस्साला होते, मॅडम. मग घरी. मी इथं आलेच न्हाय."

"मग ह्या नोंदी कोणी केल्या?"

"मीच केल्या. पण शनिवारी."

"अगं, शनिवारची एकही नोंद नाहीये ह्याच्यात!"

शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर दोघींच्या चपला मी स्वतः पाहिल्या होत्या. आत धूळ जाऊ नये म्हणून आम्ही चपला बाहेर काढायचो, देवळात काढतात तशा. दोघी आत होत्या, तर मग सकाळभर केलं काय? शनिवारी नुसत्या गप्पा मारल्या आणि रविवारी चोरून काम उरकलं, असं म्हणावं, तर ऑफिसला कुलूप. बरं, ते प्रिंटआउट रोझलिननंच सोमवारी काढून मुंबईला साहेबांकडे पाठवलेलं. स्वतःच्या चोरीची यादी कोण पाठवतं?

सत्तावीस नोंदी मी रजिस्टरशी ताडून पाहिल्या. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. कुलूपबंद ऑफिसात शिरून माणूस बरोबर काम करून जातो, हे काय गौडबंगाल आहे! बुधवारी रोझलिनला पुन्हा विचारलं, गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा. तिचं उत्तर तेच. शबानाला विचारावं, तर ती सोमवारपासून परीक्षेच्या रजेवर. आणि खरं सांगायचं तर, तिचा काही संबंध असेल असं मला वाटलंच नाही.

गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला.

"नोंदी बरोबर आहेत, साहेब," मी म्हटलं.

"असतील. पण मुलगी खोटं बोलतेय. मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?"

त्यांनी फोनवरच तिच्या कॉलेजला पाठवायचं पत्र सांगितलं. ट्रेनिंग बंद, सर्टिफिकेट देता येणार नाही, कारण नोंदींमध्ये गैरप्रकार. सर्टिफिकेट नाही म्हणजे डिप्लोमा नाही. मला पटत नव्हतं, तरी ते पत्र मीच टाइप केलं आणि शिपायाच्या हाती पाठवलं. आज सांगायलाही लाज वाटते. रोझलिन चपला घालून निघून गेली.

शुक्रवारी शबाना आली. "रोझलिन कुठाय?" म्हणाली. मी सगळं सांगितलं, तर तिनं कपाळावर हातच मारला.

"मॅडम, ते तर मी केलं! शनिवारी तो व्हायरस होता ना?"

फ्लॉपीतून शिरणाऱ्या खोडसाळ प्रोग्रामला व्हायरस म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

"तो म्हणे वर्षातून त्या एकाच तारखेला जागा होतो आणि सगळं पुसून टाकतो. आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलेलं, ती तारीख येऊच द्यायची नाही. म्हणून मी सीधा रविवार टाकला."

"टाकला म्हणजे?"

"मशीन चालू केलं की तारीख विचारतं ना, तेव्हा. रोझलिन यायच्या आधीच."

"म्हणजे त्याला स्वतःला तारीख माहीत नसते?"

"ह्या जुन्या मशीनला नाही. रोज सकाळी सांगावी लागते. आपण सांगू ती मानतं."

ते मशीन मी एकदाही स्वतः सुरू केलं नव्हतं. भीतीच वाटायची, खोटं कशाला बोलू. रोझलिन रोज सुरू करायची, तिला हे सुचायला हवं होतं. पण भांबावलेल्या पोरीला काय सुचणार!

"मी तुम्हाला विचारलं होतं की," शबाना हळूच म्हणाली. "तुम्ही मीटिंगचे कागद लावत होतात. मी म्हटलं, आज उद्याची तारीख टाकते, चालेल ना? तुम्ही म्हणालात, टाक टाक, काम थांबवू नकोस."

म्हणाले असेन. मी ऐकलंच नव्हतं, नुसतं उत्तर दिलं होतं.

साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे व्हायरस आला नाही?"

"नाही, साहेब."

"तारीख बदलली म्हणून आला नाही, की मुळात येणारच नव्हता?"

"ते आता कोणालाच कळणार नाही."

मग म्हणाले, "दुसरं पत्र काढा. पहिलं रद्द म्हणून."

ते त्याच दिवशी गेलं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी बसनं तारोडीला गेले. रोझलिनचे बाबा अंगणात जाळं विणत होते. त्यांच्यासमोरच मी तिची माफी मागितली.

"तुम्ही मला तीनदा इचारलंत, मॅडम," ती म्हणाली. "तीनदा मी खरं तेच सांगितलं."

दुसऱ्या पत्राचं ऐकून ती म्हणाली, "मग ते पयलं फाडून टाका."

"कॉलेजला सांगते. पण आमच्या फाईलमधला कागद काढता येत नाही गं. दप्तराचा पहिला नियम आहे तो."

"खोटा असला तरी?"

"खोटा असला तरी."

"म्हणजे माझं नाव तसंच राहणार," ती म्हणाली.

सोमवारी मी त्या फाईलमध्ये तिसरा कागद लावला. कुठल्या दिवशी मशीनला कुठली तारीख सांगितली, ती कोणी सांगितली आणि न ऐकता परवानगी कोणी दिली, सगळं लिहिलं. कुमारी रोझलिनचा काहीही दोष नाही, चूक माझी, असं लिहून खाली सही केली. साहेब म्हणाले, "एवढं कशाला?" मी तो कागद काढला नाही, आता काढताही आला नसता. रोझलिनला सर्टिफिकेट मिळालं, पुढे डिप्लोमाही मिळाला.

रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या ट्रेनीला मी पहिल्या दिवशी तीच फाईल वाचायला द्यायचे. कॉम्प्युटरच्या नोंदीबद्दल याहून जास्त शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिसऱ्या कागदावरची सही वाचली, की पोरी मान वर करून माझ्याकडे बघायच्या.

"हो," मी म्हणायचे, "मीच ती."