जेवणाच्या सुट्टीतले ठिपके

विद्यापीठातली आमची इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करावी लागली, तेव्हा हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा मीच सुचवला. मी इंद्रलोकला राहतो, मला जवळ पडणार होतं. मॅडमना हे कारण सांगितलं नाही. जागा कोरडी आहे, एवढंच म्हणालो.

मॅडम आमच्या गटाच्या प्रमुख, मी तांत्रिक सहायक. झाडं सेल्युलोज कसं बनवतात, हे आम्ही बघतो. अंगातला सुती शर्ट, हातातला कागद, घराचं दार, सगळ्यात तोच धागा. मायक्रोस्कोप माझ्या ताब्यात असतो. माझी स्वतःची पीएच.डी. अर्धवट राहिली, त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकायचा प्रेस होता. ठोका पडला की आमच्या पडद्यावरचं चित्र थरथरायचं. प्रेसच्या शेठनी पहिल्याच दिवशी तोड काढली. "घासवाले साहेब, लंच में मशीन बंद. तब देख लो तुम्हारा घास!" तेव्हापासून त्यांच्या कामगारांचे डबे उघडले की आमच्या खोलीतले दिवे बंद व्हायचे.

अंधारात वाढवलेलं मोहरीच्या कुळातलं एक तण असतं. दोऱ्यासारखं बारीक, पिवळट. ते दोन काचांमध्ये ठेवायचं, दर थोड्या सेकंदांनी फोटो घ्यायचा आणि मग सगळे फोटो भराभर फिरवायचे. काळ्या पडद्यावर चमकते ठिपके सरळ रेषेत चालायला लागतात. एकेक ठिपका म्हणजे धागा विणणारं यंत्र. त्याला कुणी ओढत नाही. मागे जो धागा तयार होतो, त्याच्याच रेट्याने ते पुढे सरकतं. इतकी वर्षं बघतोय, तरी ते चालायला लागले की माझा श्वास अडकतो. घरच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना हात थांबतो. आत्ता, या क्षणी, हिच्या आतही चालू असेल.

गटात भाईंदर गावातल्या कोळ्यांच्या घरातली एक विद्यार्थिनी आहे. मला सर म्हणते आणि माझी खेचतेही. "सर, तुम्ही बोलत नाही ना, म्हणून ठिपके तुम्हाला लाजत नाहीत." तिने एक जीन बंद केलेली रोपं तयार केली होती. त्या रोपांत ठिपके दिसायचे, पण जागच्या जागी. मॅडम खूश झाल्या. हा जीन गेला की विणकाम थांबतं, असा तिच्या प्रबंधाचा मुख्य चॅप्टर उभा राहिला.

चित्रं सगळी मी काढलेली.

मग एक दिवस शेजारचा प्रेस बिघडला. मेकॅनिक वसईहून येणार होता. दुपारभर शांतता. घाई नव्हती, म्हणून मी तिचं एकच रोप घेतलं, काचेत ठेवलं आणि लगेच बघितलं.

ठिपके चालत होते. सगळे. एकमेकांना ओलांडत, आपापल्या रेषेत, काही झालंच नाही असे. आधी मला नुसता आनंद झाला, अगदी पहिल्यांदा बघतोय तसा. कितीतरी वेळ मी बघत राहिलो. मग मला माझा रोजचा क्रम आठवला.

सुट्टी पुरत नाही म्हणून मी सगळी रोपं आधीच काचांमध्ये दाबून तयार ठेवायचो. आधी साधी रोपं बघायचो, मग तिची. नेहमी याच क्रमाने. तिची रोपं तोवर काचेखाली घुसमटत पडलेली असायची, आणि दाब सहन होईनासा झाला की झाड विणकाम थांबवतं. जीनचा काही संबंध नव्हता. आलटूनपालटून बघायचं, हा साधा नियम मला पाठ होता.

मी पडदा बंद केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, केबिन रोडला चॅप्टरची प्रिंट काढतेय, उद्या मॅडमना देते. आणि रिसर्च पेपरमध्ये तुमचं नाव टाकलंय हां. नको म्हणू नका."

मी चप्पल घातली आणि निघालो.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ती कागद छातीशी धरून उभी होती. मागे भाजीवाला ओरडत होता, रिक्षा हॉर्न मारत होत्या. मी तिथेच सांगितलं. क्रम, काचा, काल दुपारी काय दिसलं, सगळं. आवाज वाढवून सांगावं लागलं, म्हणून दुकानदारही ऐकत होता.

"काल?" ती म्हणाली. "काल दिसलं, आणि आज दिवसभर माझ्या बाजूला बसून चहा प्यायलात?"

"हो."

"न्हाय सर. असं न्हाय करायचं." चिडली की तिची घरची बोली येते. कागद पिशवीत कोंबत म्हणाली, "चला. मला दाखवा."

प्रेस अजून बंदच होता. तिने मला मायक्रोस्कोपला हात लावू दिला नाही. आधी तिचं रोप, लगेच. ठिपके चालले. मग तिने एक साधं रोप मुद्दाम काचेखाली दाबून ठेवलं. हळूहळू त्याचे ठिपके थांबले, तिच्या चॅप्टरमधल्या चित्रासारखे. तिने काच उचलली, पाण्याचा थेंब सोडला, हलक्या हाताने काच परत ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. मग कोपऱ्यातला एक ठिपका सरकला. मग त्याच्या शेजारचा.

"अगं बाई," ती पुटपुटली. डोळे पुसले, पण मान वळवली नाही. "म्हणजे याला कळतं. कुठे थांबायचं, कधी परत सुरू करायचं."

"तुझा चॅप्टर..."

"गेला तो. मॅडमना फोन लावा. तुम्ही सांगायचं, मी न्हाय."

मी बाहेर येऊन फोन लावला. मॅडमनी उचलला. "बोला," त्या म्हणाल्या, आणि मी क्रमापासून सुरुवात केली.