मॅडम गप्प बसल्या तेव्हा

मी किनवटहून नाशिकच्या विमानतळावरच्या कॅन्टीनमध्ये कामाला आले, तेव्हा शाळा सातवीतच सुटलेली. कुणी काही विचारलं तरी मी गडबडून जायचे. टॉवरमधून विमानांना वाट देणाऱ्या या मॅडम तर चहा सांगूनही म्हणायच्या, "आता परत सांगा, ताई." मला वाटायचं, परीक्षाच घेतात. नंतर कळलं, वैमानिकांकडूनही त्या प्रत्येक सूचना अशीच वदवून घेतात. त्यांच्या या हट्टामुळेच आज माझी ऑर्डर चुकत नाही. मॅडमना बोलायची हौस मात्र दांडगी. रांगेत कुणी कुठे उभं राहायचं, तेही त्याच ठरवणार.

परवा दुपारी त्या टॉवरवरून खाली आल्या, तर चेहरा घामेजलेला आणि डोळे चमकत होते.

"दोन विमानं फार जवळ आली होती, ताई. आम्ही सांगितलेली उंची एकाने ओलांडली. मग विमानांतली यंत्रंच ओरडली. एकाला म्हणाली वर जा, दुसऱ्याला खाली."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"काहीच नाही. यंत्र बोललं की आम्ही गप्प बसायचं. मध्ये बोललो, तर वैमानिक ऐकणार कुणाचं?"

"तुम्ही? गप्प?"

"हो, मी!" त्या खळखळून हसल्या. "जीव मुठीत धरून बसले. सुटली दोन्ही!"

एवढ्यात त्यातल्याच एका विमानाचे प्रवासी बाहेर आले. बॅगेचं चाक मोडलं म्हणून एक काका तावातावाने भांडत होते. मी त्यांना शांत करायला निघाले, तर मॅडमनी माझा हात धरला.

"भांडू द्या हो," त्या म्हणाल्या. "किती छान भांडतायत!"