देवाजींची सुबाभूळ

देवाजी मेश्राम खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कोळशाच्या कामावर होते. निवृत्तीचा हार गळ्यात असतानाच त्यांनी ठरवून टाकलं की आता उरलेलं आयुष्य फक्त हिरवं बघायचं. ठरवलं की करणारा माणूस. पुढच्याच रविवारी ते बसनं रामटेकच्या पलीकडच्या एका टेकडीवर गेले आणि चढता चढता दोन्ही खिशांतल्या बिया अशा उधळत सुटले, जणू वरात चालली आहे. हा उद्योग त्यांनी चौदा वर्षं केला.

सुरुवातीला आवळा, बेहडा, मोह असं सगळं टाकून झालं. त्यातलं काही उगवलं नाही, उगवलं ते गुरांनी खाल्लं. मग कॉलनीच्या कुंपणावरच्या सुबाभळीच्या शेंगा हाती लागल्या. चपट्या, खुळखुळणाऱ्या, एकेकीत वीस-वीस बिया. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात त्या भिजवल्या, टेकडीवर फेकल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात बघतात तर गुडघाभर रोपं. देवाजींना वेडच लागलं. झाड म्हणजे झाड आणि उगवतं ते चांगलं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. घरच्या चहाला बारा महिने शेंगांचा वास यायचा. तो त्यांना आवडायचाही.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुलगी जया त्यांना नागपुरात इंदोऱ्याला आपल्या घरी घेऊन आली. रविवार तरीही सुटला नाही. जयाची मुलगी दीक्षा वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होती. जंगलात परकी झाडं नेमकी कशामुळे पसरतात, हा तिचा विषय, आणि अभ्यासाला तिनं मोठ्या प्रेमानं आजोबांचीच टेकडी निवडली. सुट्टीत खापरखेड्याला गेलं की आबाजी तिच्या ओंजळीत आवळ्याच्या बिया द्यायचे, तेवढंच तिला आठवत होतं.

"आबाजी, सुबाभळीनं कहर करून ठेवला तिथं," एकदा जेवताना ती म्हणाली. "मेक्सिकोचं झाड ते. एकदा घुसलं की आपल्या ऐन-धावड्याले डोकं वर काढू देत नाही. रस्ता पाहिला, माती पाहिली, ऊन मोजलं, काहीच जुळत नाही. मले वाटते बकऱ्या. शेंगा खातात अन् लेंड्यांतून बी टाकत फिरतात."

देवाजींना असा ठसका लागला की जयानं पाठ थोपटली.

"बकऱ्याच असतील," ते म्हणाले आणि दुसरी पोळी न घेताच उठले.

आता त्या टेकडीवर बकऱ्या एकाच माणसाच्या होत्या. पायथ्याच्या गावचा रुपराव, देवाजींचा रविवारचा दोस्त. चौदा वर्षं दोघांनी एकाच पुडीतला चिवडा खाल्ला होता.

आठ दिवसांनी गावात वन समितीची सभा भरली. सरपंच यमुताईंनी दोन विषय ठेवले होते. पहिला, वृक्षप्रेमी देवाजींचा सत्कार. दुसरा, दीक्षाच्या अंदाजावरून रुपरावच्या बकऱ्यांना टेकडीबंदी. बंदी झाली असती तर बकऱ्या विकून त्याला गाव सोडावं लागलं असतं, कारण दुसरं चराऊ रान नव्हतं. शाल खांद्यावर पडली तेव्हा देवाजींनी चोरून कोपऱ्यात पाहिलं. रुपराव सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. देवाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा यमुताई," ते म्हणाले. "बकऱ्यांचा काही दोष नाही. सुबाभूळ म्या पेरली."

सभेनं टाळ्या वाजवल्या.

"खरंच म्या पेरली. चौदा वर्षं पेरली."

आणखी टाळ्या. "गरिबाची रोजी वाचवायले सोतावर घेऊन राहिले," मागून कोणी गहिवरून म्हणालं. देवाजी जितकं कबूल करत तितके ते थोर ठरत चालले. आजवर एवढ्या आदरानं त्यांना कोणी खोटं पाडलं नव्हतं. शेवटी त्यांचं डोकं फिरलं.

"चला वर," ते म्हणाले. "दाखवतोच."

मग पुढे शाल पांघरलेले देवाजी, मागे रजिस्टर घेतलेल्या यमुताई, टेप घेतलेली दीक्षा, अख्खी समिती, आणि काय चाललंय ते बघायला चाळीस बकऱ्या. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना सुबाभूळच सुबाभूळ. अर्ध्या चढावर एका काळ्या खडकापाशी देवाजींची छाती भात्यासारखी चालायला लागली. जुन्या बिड्यांची करणी. ते मटकन बसले.

"आता वर पाहा," त्यांनी कसंबसं सांगितलं.

वर ऐन होता, धावडा होता, तेंदू होता. सुबाभूळ औषधालाही नव्हती.

"रुपराव, तुह्या बकऱ्या कुठवर जातात गा?"

"पार शेंड्यावर."

"मंग त्यायनं आणली असती तर शेंड्यावर नसती दिसली? माहा दम इथंच संपते. उरल्या बिया इथंच झटकायच्या अन् वापस फिरायचं."

दीक्षा आधी वहीकडे बघत राहिली, मग वाटेतच फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "मी आठ महिन्यांपासून माती तपासून राहिली होती, आबाजी." डोळे पुसून तिनं पेन काढलं. "किती टाकल्या असतील? दोन-तीन हजार?"

"दोन हजार?" देवाजी दुखावले. "एका पावसाळ्यात पोतंभर टाकत होतो वं."

यावर समितीही हसत सुटली. यमुताईंनी तिथल्या तिथं ठरावातलं 'बकऱ्या' खोडून 'देवाजी मेश्राम' लिहिलं. खिसे तपासल्याशिवाय यांना वर सोडू नये, आणि तपासणी रुपरावनं करावी. सगळ्यांचे हात वर गेले. देवाजींनीही उत्साहानं हात वर केला.

लोक हसतखिदळत उतरायला लागले. रुपराव मात्र जागचा हलला नाही.

"देवाजीभाऊ, हे तुमाले कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवसांपासून."

"आठ दिवस मले झोप नाही," रुपराव म्हणाला.

देवाजींची मान खाली गेली. त्यांना लाज वाटली, आणि इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. त्यांनी शाल बाजूला ठेवली, हाताशी असलेलं एक रोप धरलं आणि ओढायला सुरुवात केली. रोप हलेना.

रुपराव शेजारी येऊन उकिडवा बसला.

"असं नाही निघत ते. बुडाशी धरा." त्यानंही हात लावला. "किती हाय असे?"

"एकेक दाखवतो तुले," देवाजी म्हणाले. "कुठं कुठं टाकल्या, ते दुसऱ्या कोणाले माहीत हाय?"