बैठकीतला मंद दिवा

गावोगाव फिरून कापूस खरेदी करत मी धंद्यात उभा राहिलो. कापूस पांढऱ्या उजेडात पारखावा लागतो, म्हणून घरातही मला तसाच लख्ख उजेड लागतो. विजेचं बिल बघून डोकं फिरलं, तेव्हा आर्णीच्या एका दुकानातून एलईडी बल्बांचा अख्खा खोका घासाघीस करून उचलला आणि घरातले सगळे जुने बल्ब काढून टाकले. बिल उतरलं. पण बायकोला अर्धशिशी. बैठकीतला उजेड तिच्या डोळ्यांत घुसायचा, म्हणून ती स्वयंपाकघरात अंधारात एकटी जेवू लागली.

"कायले इतका उजेड?" ती एकदा चिडून म्हणाली. "इथं काय कापूस घेऊन राह्यले तुमी? मले बाहेर बसता येईल असा मंद दिवा लावा."

वायरमनला बोलावून उजेड कमी-जास्त करायचा डिमर बसवला. बटण फिरवलं, तर बल्ब मांडवातल्या माळेसारखा लुकलुकायला लागला. ती डोकं धरून आत निघून गेली.

मी बल्ब घेऊन दुकानात गेलो.

"भाऊ, मंद होनारा एलईडी वेगळा येते," दुकानदार म्हणाला.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी बोलू देलं काय मले? नुसतं भाव कमी कर, भाव कमी कर! कायले पायजे, ते सांगतलंच नाही."

माझं टाळकं सटकलं. भाव मीही पाडतो, पण कापूस ओला असला तर शेतकऱ्याला तोंडावर सांगतो. समोरच्याला अंधारात ठेवत नाही.

त्याने दोन बल्ब पुढे ठेवले. एक साधा पिवळा, तारेचा. स्वस्त, मंदही होतो, पण वीज खातो. दुसरा मंद होणारा एलईडी. त्याची किंमत ऐकून मी उठलोच.

"काही कमी?"

"एक रुपया नाही, भाऊ."

माझी अडचण त्याला दिसली होती. रागाच्या भरात पिवळा घेणार होतो, पण तो बल्ब वाचलेले पैसे दर महिन्याला बिलातून वसूल करणार, एवढा हिशेब मला कळतो. सांगितल्या भावाने महागडा घेतला. तो राग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी बायकोने बटण फिरवत उजेड पार खाली आणला आणि ताट घेऊन बैठकीत, माझ्या शेजारी येऊन बसली. मला भाजीतली मिरची दिसेना.

"जरासा वाढव ना."

"जेवा मुकाट्यानं. घास काही नाकात नाही जात."

मी चाचपून भाकर तोडली.