जीपचं जुनं इंजिन

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं मला फसवलं. माझ्या जुन्या लष्करी जीपचं पेट्रोल इंजिन पन्हाळ्याच्या चढाला धापा टाकायचं. ते काढून डिझेलचं बसवायला आम्ही दोघंही पाने घेऊन जीपखाली शिरलो.

मिस्त्री कमी बोलतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला धरून आतला आवाज ऐकतो, हात पुसतो, मग एखादं वाक्य.

"हे जुनं इंजिन झकास हाय. मजुरीऐवजी तेच घे," मी म्हणालो. ते संपलंय अशी माझी खात्री होती.

त्यानं हात पुसले. "व्हय मालक. झकास हाय."

आता ते त्याच्या जीपमध्ये आहे आणि हँडल अर्धं फिरवलं की सुरू होतं. माझं डिझेल रोज सकाळी ढकलावं लागतं. ढकलायला तोच येतो, स्वतःची जीप चालू ठेवून.

"इंजिन चांगलं हाय, हे मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालासा की. मी व्हय म्हटलं."

सौदा करताना माणूस माल चांगला म्हणणारच. पण तो खरंच चांगला आहे हे ओळखून समोरच्यानं मुकाट हो म्हणायचं, ही कुठली रीत? याचं उत्तर त्यानं द्यावं. उद्या गाडी ढकलून झाली की द्यावं.