भिंतीच्या भोकातला बल्ब

सगळ्या चिकलठाण्यात करंटला आमच्या घरमालक चाचांइतकं जपणारं माणूस तुम्हाला घावायचं नाय. लोकं सोनं जपतात, म्हशी जपतात, चाचा करंट जपायचे. मी लग्न होऊन वेरूळकडच्या वाडीवरून इथं आले तवा वाटलं, ह्या माणसाला उजेडाची भीती हाय का काय. आमची एक खोली, पल्याड त्यांची बैठक, मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब टांगलेला, निम्मा उजेड त्यांना, निम्मा आम्हाला. बटन मात्र त्यांच्याकडं. जेवणं उरकली का बटन बंद. मी मेंढरं वळणाऱ्याची लेक, उघड्या रानात झोपलेली, पण शहरातल्या अंधाराचं मला लई भ्याव वाटायचं, त्यात पुढं पोर झालं, अंगावरचं. मी भोकाला तोंड लावून म्हणायची, चाचा, लेकराचं दुपटं बदलते, जरा थांबा. तिकडून आवाज यायचा, "बेटी, ओलं दुपटं हाताला कळतं."

इस्त्री त्यांनी घरात येऊच दिली नाय. कपडे गादीखाली घालायचे आणि वरून आपण झोपायचं, ईदचा कुर्ता असला तर चाचीला बी म्हणायचे, आज माझ्याच बाजूला झोप, वजन पाहिजे. एकदा त्यांचा मेव्हणा जालन्याहून आला आणि येताच पंखा लावून बसला. चाचांनी त्याला हाताला धरून भाईर लिंबाखाली नेलं, चहा बी तिथंच दिला, वर सांगितलं की ही हवा ताजी असती, पंख्याची शिळी. बिचारा परत उन्हाळ्यात काय आला नाय.

पण खरी मजा पुढं हाय. घरामागं चाचांचं पत्र्याचं शेड व्हतं, त्यात तीन प्रेस मशिनी, मोठ्या कंपन्यांना लागणारे वायसर, नटाखालच्या भोकाच्या चकत्या, तिथं कापायचे. आमचे हे तिथंच कामाला. चाचांच्या बैठकीच्या दारात दोन मीटरं शेजारी शेजारी, एक घराचं, एक शेडचं. घराच्या मीटरची चकरी फिरली का चाचा तिला शिव्या घालायचे, आणि शेडची फिरली का स्टूल टाकून तिच्यासमोर बसायचे, पोरीचा नाच बघावा तसं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या पायी गावात तंग झालं, संचारबंदी लागली, शेड बंद. मी तर दाराला कडी लावून पोराला छातीशी धरून बसायची, बाहेर बूट वाजले तरी जीव खाली-वर. म्हटलं आता दोन्ही चकऱ्या थांबल्या, चाचा तरी खूश असतील. फटीतून बघते तर शेडच्या मीटरासमोर स्टुलावर तसेच बसलेले, ताटातली भाकर तशीच. मला म्हणले, "बेटी, घरची थांबली तर बचत. ही थांबली तर तुमची चूल थांबती." तवा मला कळलं, आमच्या बल्बातला वाचवलेला उजेड कुठं जायचा.

मग गाव निवळलं आणि विजेचा दर वाढला. मागल्या गल्लीतलं एक शेड बंद पडलं, मग त्याच्या शेजारचं. माणसं डबा घेऊन जायची आणि तसाच भरला डबा घेऊन माघारी यायची. आमचे हे तर शेडात सगळ्यात नवे. एका सांजेला भोकातून चाची बोलताना ऐकू आली, नव्या पोराला सांगून टाका म्हणून, एक मशीन कमी करा. मी हातातली भाकर तशीच धरून उभी, तव्यावरची जळाली तरी कळलं नाय. चाचा म्हणले, "उसका बच्चा मेरे दीवार के पीछे रोता. मैं कान कहां रखूं?"

सकाळी उठून त्यांनी अंगणातल्या जुन्या हातप्रेसवरच्या कोंबड्या हाकलल्या. लोखंडी गोळ्याचा दांडा हातानं गरगर फिरवायचा का खाली पत्रा कापतो, तसली ती मशीन. एका मशिनीची मोटर बंद केली आणि ह्यांना हातप्रेसवर उभं केलं. म्हणले, "ही करंट नाय खात, भाकर खाती. भाकर आपल्या हातातली हाय." ह्यांचे दंड असे फुगले का सदऱ्याची शिवण उसवली, आणि जेवण दुप्पट. चाचा रोज भोकातून विचारायचे, "बेटी, आज किती युनिट खाल्ले?"

पण हात तो हातच. कंपन्यांना माल ढिगानं लागायचा, तेवढा निघंना. शेड टिकायचं नाय, हे चाचांनी आमच्याआधी ओळखलं असणार. रोज धुतलेला कुर्ता घालून ह्यांना घेऊन कंपन्यांच्या गेटावर उभे राहायचे, वॉचमन हाकलायचा, दुसऱ्या दिवशी परत. शेवटी एका ठिकाणी ह्यांना घेतलं. त्याच्यानंतरच शेडला कुलूप लागलं, आधी नाय.

आम्ही गारखेड्यात खोली केली. निघायच्या दिवशी भर दुपारी रिक्षात सामान चढवलं, मी पोराला काखंत घेऊन मोकळी खोली बघाया वळले तर भोकातला बल्ब लागलेला. मला वाटलं म्हातारा इसरला. मी पळत त्यांच्या बैठकीत गेले आणि बटन बंद केलं. चाचा दारातल्या मीटरासमोर स्टुलावर बसलेले, शेडची चकरी थांबलेली. ते उठले आणि परत बटन लावलं.

"राहू दे," म्हणले. "लेकरू निघालंय घरातून."

रिक्षा वळंपर्यंत मी मागं बघत व्हते. उघड्या दारातून तो बल्ब दिसत व्हता, एवढ्या उन्हात, पिवळा पिवळा, आणि त्याच्याखाली चाचा, घरच्या मीटरकडं पाठ करून उभे.